आधी वाळवण, मग सजावट: झाडाखालच्या वस्तूंची लटकणी मुलांसोबत करताना

सण चार दिवसांवर आला की सजावटीची आठवण होते. मग मुलांना घेऊन बाहेर पडायचं, पिशवीभर काटक्या, पानं, शेंगा गोळा करायच्या आणि त्याच संध्याकाळी डिंक लावून, दोरे ओवून सगळं टांगून मोकळं व्हायचं. पहिल्या वर्षी मीही हेच केलं. तिसऱ्या दिवशी पानांच्या सुरळ्या झाल्या, काटक्यांच्या चांदण्या ढिल्या पडून लोंबायला लागल्या, संत्र्याच्या चकत्यांवर राखाडी बुरशी धरली आणि एका फळातून पांढरी अळी बाहेर पडली. अळी माझ्या मुलीनं कौतुकानं पाहिली. स्वतः बांधलेली चांदणी सुटली, ते मात्र तिच्या जिवाला लागलं.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की कळली: या कामातला अर्धा वेळ वाळवणाचा असतो. झाडावरून गळालेली वस्तू वरून कितीही सुकी दिसली तरी तिच्या पोटात पाणी असतं. ते निघून जाताना वस्तू आकसते, वाकते, कधी तडकते. तिला जे काही वाकायचं-आकसायचं आहे ते दोरा बांधण्याआधी होऊन जाऊ द्यायचं. नीट वाळलेल्या वस्तूला पाच वर्षांच्या मुलानं कसाही डिंक फासला तरी ती टिकते. ओल्या वस्तूवरची मोठ्या माणसाची सुबक कारागिरीसुद्धा आठवडाभरात सुटते.

म्हणून सणाच्या तीन आठवडे आधी सुरुवात करा. पहिल्या सुट्टीला गोळा करायचं, पुढचे दहा-बारा दिवस वाळवायचं आणि शेवटच्या आठवड्यात करायला बसायचं. मधले दिवस रिकामे जात नाहीत. रोज संध्याकाळी वाळवण वरखाली करणं हे मुलांचं काम, आणि ते ती विसरू देत नाहीत.

## गोळा करायला जाताना

दिवस कोरडा निवडा. पाऊस पडून गेला असेल तर दोन दिवस थांबा. प्रत्येक मुलाला एक कापडी पिशवी द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत वस्तू घामेजतात. बारीक बिया आणि नाजूक टोप्यांसाठी अंड्यांचा रिकामा पुठ्ठ्याचा ट्रे फार सोयीचा. त्याला बारा-तीस खण असतात, आणि खण दिसले की मुलं आपोआप वर्गवारी करायला लागतात.

काय शोधायचं ते झाडांवर अवलंबून. पाइन असेल तर त्याचे कोन, म्हणजे खवल्याखवल्यांची लाकडी बोंडं. समुद्राकाठी सुरूची झाडं असतील तर त्यांची बोटाच्या पेराएवढी काटेरी फळं, जी मण्यांसारखी ओवता येतात. जॅकरंडाची चपटी, लाकडी, शिंपल्यासारखी उघडणारी बोंडं. महोगनीच्या फळाच्या पाच जाड फाका. निलगिरीची पेल्यासारखी बारीक फळं. गुलमोहराच्या लांब, खुळखुळणाऱ्या शेंगा. ओकची फळं आणि त्यांच्या टोप्या. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सरळ काटक्या भरपूर घ्या, त्या नेहमी कमी पडतात.

जमिनीवर पडलेलंच उचलायचं, हा नियम घरातून निघतानाच सांगा. एका झाडाखालचं सगळं उचलू नका. त्या बिया कुणाचा तरी हिवाळ्याचा साठा असतात. काटकीवर एखादा कोष चिकटलेला दिसला तर ती काटकी तिथेच ठेवा. दगडफूल आणि शेवाळ ओरबाडायचं नाही, कारण दगडफूल वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. राखीव वनात किंवा उद्यानात काहीही उचलायला बंदी असू शकते, आधी विचारून घ्या. पिसं मी घेत नाही. अनेक देशांत रानपक्ष्यांची पिसं जवळ बाळगण्यावर कायद्याचं बंधन आहे, शिवाय त्यांत बारीक किडे असतात.

आता विषाबद्दल, आणि इथे मी घाई करणार नाही. ज्या बिया सगळ्यांत सुंदर दिसतात त्यांतल्या काही सगळ्यांत घातक आहेत. लालभडक अंगावर काळा ठिपका असलेली गुंज मुलांना हमखास भुरळ घालते. तिच्यात अब्रिन नावाचं तीव्र विष असतं. कवच टणक असतं तोवर ते आत कोंडलेलं राहतं, पण बी चावली, फुटली किंवा ओवण्यासाठी तिला भोक पाडलं की ते मोकळं होतं. म्हणजे माळ करायची म्हणून आपण जे करू, तेच तिला धोकादायक बनवतं. एरंडाच्या ठिपकेदार बीमध्ये रिसिन असतं. धोत्र्याची काटेरी बोंडं, पांढरी, लाल किंवा पिवळी कण्हेर, यू नावाच्या झाडाची फळं, हॉली आणि मिसलटो या झाडांच्या फळांचे घोस, यांतलं काहीही मुलांच्या पिशवीत जाऊ देऊ नका. खाजकुइलीच्या मखमली शेंगांची कुसं अंगाला लागली तर असह्य खाज सुटते, आणि बिब्ब्याच्या तेलानं कातडीवर फोड येतात. जे झाड ओळखता येत नाही त्याची बी घ्यायची नाही. मुलं हे लगेच मानतात, फक्त कारण सांगावं लागतं.

## घरी आल्यावर

सगळं जुन्या वर्तमानपत्रावर पसरा आणि जुन्या दातांच्या ब्रशनं माती झटका. पाण्यानं धुण्याची गरज सहसा नसते. शंख-शिंपले मात्र धुवावेच लागतात. ते उचलतानाच आत कुणी राहत नाही ना ते पाहा, घरी साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात टाका.

मग किडे. बियांच्या आणि फळांच्या आत अळ्या असतात, त्या बाहेरून दिसत नाहीत. टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक दिसलं तर अळी बाहेर पडून गेलेली असते. ते फळ वापरायला हरकत नाही, उलट दोरा ओवायला आयतं भोक मिळतं. बाकीच्यांसाठी दोन उपाय आहेत. ओव्हन असेल तर ट्रेवर एकेरी थर पसरून ९० ते १०० अंश सेल्सिअसवर पाऊण ते एक तास ठेवा, आणि तेवढा वेळ स्वयंपाकघर सोडू नका. ओव्हन नसेल तर पिशवीत घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आतलं सगळं खोलीइतकं कोमट होऊ द्या, नाहीतर हवेतली वाफ गार वस्तूंवर जमून केलेलं वाळवण वाया जातं. मायक्रोवेव्ह या कामाला अजिबात वापरू नका, सुकं लाकूड आतून पेटू शकतं.

पाइनचा कोन भाजण्याआधी ट्रेवर कागद किंवा फॉइल घाला. त्याची राळ वितळून खाली गळते आणि मग काही केल्या सुटत नाही. उष्णतेनं राळेचा पातळ थर कोनावर पसरून त्याला छान चकाकी येते, ती वेगळी लावावी लागत नाही.

या कोनासोबत एक प्रयोग जरूर करा. उघडलेला, खवले पसरलेला कोन पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवा. तासाभरात तो मिटायला लागतो. बाहेर काढून वाळवला की पुन्हा उलगडतो. कोन कधीच मेलेला असतो, तरी हे घडतं, कारण त्याच्या प्रत्येक खवल्याला दोन थर असतात आणि पाणी प्यायल्यावर बाहेरचा थर आतल्यापेक्षा जास्त फुगतो. साहजिकच खवला आत वळतो. झाडाला याचा उपयोग असा की कोरड्या हवेत कोन उघडतो आणि हलक्या बिया वाऱ्यावर दूर जातात. आपल्याला यातून कामाची गोष्ट मिळते: मिटलेला कोन टाकून द्यायचा नाही, तो फक्त ओला आहे. आणि ओल्या कोनाला रंग लावायचा नाही, कारण तो उलगडला की मधल्या कोऱ्या पट्ट्या उघड्या पडतात.

वस्तू वाळली हे कसं ओळखायचं? काटकी मोडून पाहा. कट् असा आवाज करून तुटली तर वाळली, नुसती वाकून सालीला लोंबकळली तर नाही. शेंग खुळखुळते. याहून खात्रीची परीक्षा म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. एका ट्रेमधल्या सगळ्या वस्तूंचं रोज एकाच वेळी वजन करा आणि कागदावर लिहा. आकडा रोज उतरत जातो. लागोपाठ दोन दिवस तोच आला की वाळवण संपलं. आकडे वाचता येणारं कुठलंही मूल ही नोंद ठेवू शकतं, आणि "आज किती पाणी उडालं?" हा प्रश्न आमच्याकडे त्या दिवसांत जेवताना विचारला जातो.

पानांची तऱ्हा निराळी. ती उघड्यावर वाळवली तर वळतात, म्हणून दाबून वाळवायची. रद्दीच्या कागदांत एकमेकांना न लागतील अशी मांडा, वर जाड पुस्तकं ठेवा, पहिले काही दिवस दिवसाआड कागद बदला. दोन आठवड्यांत पान सपाट आणि कोरडं होतं, पण ठिसूळही. मुलांच्या हातात मऊ राहणारी पानं हवी असतील तर एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग पाणी यांच्या मिश्रणात ताजी पानं उथळ थाळीत पाच-सहा दिवस बुडवून ठेवा, वर एखादी जड बशी दाबून. मग पुसून घ्या. पाण्याची जागा ग्लिसरीन घेतं आणि पान चामड्यासारखं लवचीक होतं. रंग थोडा गडद होतो, तो पुन्हा उजळत नाही.

## कोणाच्या हातात काय

वयापेक्षा हात पाहून ठरवा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला गोळा करणं, ट्रेमध्ये लावणं, मळलेला गोळा थापणं, त्यात पान दाबणं एवढं पुरे. त्याच्यासाठी टॉयलेट पेपरची रिकामी नळी माप म्हणून वापरा. जी वस्तू नळीतून आरपार जाते ती त्याच्या घशात अडकू शकते, ती त्याच्या टेबलावर नको. चार-पाच वर्षांची मुलं मोठ्या भोकाच्या वस्तू ओवतात, डिंक लावतात. सहा-सातनंतर गाठी जमतात. नऊ-दहाचं मूल मोठ्यांच्या देखत गिरमिट फिरवू शकतं.

विस्तव, धारदार सुरी आणि गरम डिंकाची बंदूक मोठ्यांच्याच हातात. त्या बंदुकीतला डिंक १२० अंशांच्या पुढे असतो आणि कातडीला चिकटून भाजत राहतो. मुलांसाठी पांढरा डिंक किंवा घरी शिजवलेली खळ उत्तम. ती सुकायला वेळ घेते, तेव्हा चिकटवलेला भाग कपड्याच्या चिमट्यानं दाबून ठेवा.

भोक पाडण्यासाठी विजेचा ड्रिल नको, हातानं फिरवायचं लहान गिरमिट घ्या. वस्तू बोटांत धरून भोक पाडायचं नाही. मळलेल्या मातीच्या गोळ्यात ती अर्धी रुतवायची, म्हणजे हलत नाही, आणि गिरमिट घसरलं तरी मातीत जातं.

## काटक्यांची चांदणी

पाच काटक्या, एकाच लांबीच्या, साधारण १५ सेंटीमीटर. लांबी मोजून मुलांनाच खुणा करू द्या, कापा तुम्ही.

आधी जमिनीवर मांडून पाहा. दोन काटक्या उलट्या व्हीसारख्या ठेवा, टोक वर. तिसरी डाव्या पायापासून तिरकी वर, उजवीकडे. तिथून चौथी आडवी, डावीकडे. तिथून पाचवी तिरकी खाली, उजव्या पायापर्यंत. आता पाच टोकं आणि मध्ये पंचकोन दिसतो. बोटानं एकदा गिरवून घेतलं की मुलांना क्रम लक्षात राहतो, कारण हीच चांदणी ती पेन्सिल न उचलता कागदावर काढतात.

पाचही टोकांना तात्पुरते रबरबँड लावा. आता चांदणी उचलून हळूच ओढून-दाबून तिचा आकार सारखा करता येतो. मग एकेक रबरबँड काढून तिथे सुतळी बांधायची. नुसती गोल गुंडाळली तर टोक सरकतं. दोन काटक्यांच्या फुलीवर तीन वेढे एका तिरक्या दिशेनं, तीन दुसऱ्या तिरक्या दिशेनं, मग दोन काटक्यांच्या मधून दोन वेढे घट्ट आवळून निरगाठ. शेवटचे आवळणारे वेढेच खरं काम करतात, ते विसरू नका. टोकं पक्की झाली की आतल्या पाच फुल्या बांधल्या नाहीत तरी चालतं, फक्त एखादी काटकी दुसरीच्या खालून काढली तर सगळं एकमेकांत अडकून आणखी घट्ट बसतं.

धाकट्यांसाठी याहून सोपं काम म्हणजे झाड: एका उभ्या काटकीवर १२, १०, ८, ६ आणि ४ सेंटीमीटरच्या आडव्या काटक्या खालून वर चिकटवत जायच्या. किंवा दोन काटक्यांची फुली बांधून द्या आणि तिच्याभोवती रंगीत लोकर गुंडाळू द्या. प्रत्येक काटकीला एक वेढा देऊन पुढच्या काटकीवर जायचं, एवढंच. ही लय एकदा सापडली की चार-पाच वर्षांचं मूल अर्धा तास उठत नाही.

## संत्र्याच्या चकत्या

चकती ५ मिलिमीटर जाड हवी. पातळ चकती फाटते आणि करपते, जाड आतून ओली राहते. सुरी धारदार असेल तरच सगळ्या सारख्या निघतात. बिया काढा, आणि मग मुलांना कापडानं दोन्ही बाजू टिपायला द्या. हे टिपणं नीट झालं तर तासभर वाचतो.

जाळीवर एकेरी मांडून ओव्हनमध्ये ९० अंशांवर तीन ते चार तास, दर तासाला उलटायच्या. ओव्हनचं दार किंचित उघडं राहू दिलं तर वाफ बाहेर जाते. रंग तपकिरीकडे झुकायला लागला तर उष्णता जास्त होतेय, लगेच कमी करा. मधला गाभा बोटाला चिकटत नसेल तेव्हा काढा आणि आणखी दोन दिवस जाळीवरच ठेवा. कडक ऊन असेल तर पातळ कापडाखाली चार ते सहा दिवसांत उन्हातही होतात, रात्री घरात आणायच्या आणि मुंग्यांवर लक्ष ठेवायचं.

या चकत्या भिंतीवर लावल्या तर साध्या दिसतात. खिडकीत टांगा. मागून उजेड आला की प्रत्येक फोड रंगीत काचेसारखी पेटते. त्या एकाच सणापुरत्या असतात, पुढे काळवंडतात. सण झाला की दोरा काढून कुंडीतल्या खतात टाका.

## पानांच्या ठशांची पदकं

यासाठी दोन लगदे माहीत असावेत, कारण प्रत्येक हवेला एकच चालत नाही.

पहिला मीठ आणि मैद्याचा: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी. पाणी थोडं-थोडं घालत दहा मिनिटं मळा. गोळा ताणला तर तुटू नये, हाताला चिकटू नये. सहा-सात मिलिमीटर जाड लाटा. भाजणं १०० अंशांवर दोन ते तीन तास, मध्ये एकदा उलटून. मीठ पाणी धरून ठेवतं आणि बुरशी येऊ देत नाही, म्हणून हा लगदा टिकतो. पण मिठाचाच एक दोष आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून घेतं आणि पदकांना घाम फुटतो. दमट जागी राहणाऱ्यांनी यात कष्ट घालवू नयेत.

त्यांच्यासाठी दुसरा: दोन वाट्या खाण्याचा सोडा, एक वाटी कॉर्नफ्लोअर, सव्वा वाटी गार पाणी. सगळं जाड बुडाच्या भांड्यात गार असतानाच एकजीव करा, मग मध्यम आचेवर सतत ढवळा. बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग एकदम घट्ट व्हायला लागतं. उकडलेल्या, कुस्करलेल्या बटाट्यासारखं झालं की लगेच उतरवा. ओल्या फडक्याखाली गार करा, मळा. हा लगदा पांढराशुभ्र, मऊसूत असतो आणि ठसा इतका बारीक घेतो की पानाची शेवटची शीरसुद्धा उमटते. मला हाच जास्त आवडतो. ५ मिलिमीटर लाटून, ठसे घेऊन, जाळीवर एक-दोन दिवस उलटत-पालटत सावलीत वाळवा. उन्हात किंवा पंख्याखाली घाईनं वाळवला तर कडा वर उचलल्या जातात.

ठसा घेताना पानाची पाठ खाली ठेवा, कारण शिरा पाठीवर उठून असतात. पान मांडा, वरून लाटणं एकदाच, न थांबता फिरवा. मागे-पुढे केलं तर ठसा दुहेरी होतो. देठाकडून पान हळू उचला. वाटीनं गोल कापा आणि कडेपासून एक सेंटीमीटर आत स्ट्रॉनं भोक पाडा. टाचणीनं पाडलेलं भोक वाळताना बुजतं. वाळल्यावर कडा बारीक पॉलिश पेपरनं घासून घ्या. पातळ पाण्याचा रंग ठशावर लावून लगेच ओल्या फडक्यानं पुसला की रंग फक्त शिरांमध्ये उरतो, आणि तो क्षण मुलांनी स्वतः अनुभवायला हवा.

घरात कुत्रा असेल तर मीठ-मैद्याची पदकं त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशी टांगा. त्यातलं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं. सोडाही त्याच्यासाठी बरा नाही. मुलांनीही कच्चा लगदा चाखू नये.

## तुरटीचे खडे धरलेल्या काटक्या

चमक हवीच, असा मुलांचा आग्रह असतो. प्लॅस्टिकची चमकी मी घरात आणत नाही. ती झाडून निघत नाही आणि शेवटी पाण्यात जाते. याच कारणानं युरोपीय संघानं ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध घातले. तुरटी तिच्याहून सुंदर चमकते.

काटकीवर पांढऱ्या डिंकाचा पातळ हात द्या, त्यावर तुरटीची पूड भुरभुरवा आणि पूर्ण वाळू द्या. ही पूड म्हणजे खड्यांचं बियाणं. मग २५० मिलिलिटर खूप गरम पाण्यात सुमारे १०० ग्रॅम तुरटीची पूड विरघळवा. हे काम मोठ्यांचं. गार पाण्यात यातली निम्मीही मावत नाही, त्यामुळे पाणी निवत जाईल तशी जास्तीची तुरटी बाहेर पडते आणि काटकीवरच्या बियाण्याला चिकटत जाते. द्रावण काचेच्या बरणीत ओता, काटकी दोऱ्यानं मधोमध लोंबकळत सोडा, बुडाला किंवा काचेला लागू देऊ नका. बरणीभोवती जाड टॉवेल गुंडाळा. जितकं सावकाश निवेल तितके खडे मोठे होतात. बारा ते चोवीस तास हलवायचं नाही. मुलांना हे सगळ्यांत कठीण जातं, तेव्हा बरणी उंचावर ठेवा.

बाहेर काढलेली काटकी भिंगातून पाहा. तुरटीच्या नीट वाढलेल्या खड्याला आठ पैलू असतात, दोन पिरॅमिड तळाला तळ लावून जोडावेत तसे. पाइनचा कोन यासाठी वापरू नका, तो पाण्यात मिटतो हे आपण पाहिलंच. तुरटीचं पाणी डोळ्यांत, तोंडात जाऊ नये, आणि काम झाल्यावर हात धुवावेत.

## दोरा आणि जागा

कोनाला भोक लागत नाही. दोरा वरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतल्या खवल्यांखालून गोल फिरवून आवळला की तो दिसतही नाही. वस्तूला बांधायची ती निरगाठ, टांगायच्या टोकाला सुरगाठ, म्हणजे उतरवताना कात्री लागत नाही. २० सेंटीमीटर दोरा पुरतो. डगमगणारी, एका बाजूला झुकणारी वस्तू दिसली तर ती दोन बोटांत हलकेच तोलून तिचा मध्य शोधायला मुलाला सांगा, आणि गाठ तिथे सरकवा.

वाळलेली प्रत्येक वस्तू म्हणजे चांगलं सरपण असतं. मेणबत्ती, पणती किंवा शेगडी यांच्याजवळ काहीही टांगू नका, रोषणाईला गार राहणारे एलईडी दिवे वापरा. त्या दिव्यांच्या बटणाएवढ्या बॅटऱ्यांचा कप्पा स्क्रूनं बंद होणारा हवा. ती बॅटरी गिळली गेली तर काही तासांत अन्ननलिका आतून भाजते. असा संशय आला तरी वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.

## मुलांच्या बाजूनं

एका बैठकीला एकच प्रकार घ्या. चार वर्षांच्या मुलाचं लक्ष वीस मिनिटं टिकलं तर ती बैठक चांगली झाली समजायचं. त्यानं उठायच्या आत थांबलात तर उद्या ते स्वतः येऊन विचारतं.

वाकडं चिकटवलेलं सरळ करायला आपला हात शिवशिवतो, तो आवरा. मूल झोपल्यावर मी एकदा तिची माळ गुपचूप नीट केली होती. सकाळी तिनं पाहिलं आणि म्हणाली, "आई, ही माझी नाही." ती खरं बोलत होती. तेव्हापासून माझी वेगळी वस्तू मी शेजारी बसून करते. माझा हात तिला दिसतो, हवं ते ती उचलते, आणि तिची चांदणी तिचीच राहते.

## पेटीत ठेवताना

उतरवण्यासाठी पुन्हा कोरडा दिवस निवडा. प्रत्येक वस्तू कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या पेटीत, जड खाली आणि नाजूक वर. मिठाची पदकं मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात. डांबराच्या गोळ्या घालू नका, त्या विषारी असतात आणि मुलांना खडीसाखरेसारख्या दिसतात. पेटीवर वर्ष आणि करणाऱ्याचं नाव लिहायला मुलांना द्या.

पुढच्या वर्षी पेटी उघडाल तेव्हा आधी प्रत्येक वस्तू काळ्या कागदावर हलकेच आपटा. खाली पिठासारखी बारीक भुकटी पडली तर आत किडा आहे. ती एक वस्तू पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, आणि तिच्या शेजारी असलेल्या दोन-चारही.